जनुकांची सरगम

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास फौजेची छावणी टाकली, तिचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. या लष्करात माधवगंज नावाची वस्ती आहे आणि आम्ही तेथले रहिवासी आहो. गाण्याच्या गोष्टी निघाल्या नाहीत असा दिवस आमच्या वस्तीत विरळा. येथे १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी आपले गांधर्व विद्यालय काढले. पुढे १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेप्रमाणे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. नव्या पद्धतीने शिकवता यावे म्हणून राजाभैया पूछवाले यांच्यासह काही गवयांना त्याआधी मुंबईस पाठविण्यात आले. त्यांनी तेथे काय शिकावयाचे होते? गाणे नव्हे, ते त्यांच्या गळ्यात होतेच. त्यांनी शिकावयाची होती ती गाण्याची अक्षरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राच्या स्वराखाली टिंब, तारेतल्या स्वरावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य, अशी ती लिपी होती.

ज्यांनी गाणे कानाने घेतले त्यांना ते डोळ्यांनी वाचणे सहजासहजी रुचणारे नव्हते. मींड कागदावर कशी उतरावी, गमकेचा झोल कोणत्या खुणेत बसवावा, हा त्यांचा प्रश्न खोटाही नव्हता. तरी अक्षर आणि स्वर यांचे नाते भातखंड्यांनी प्रथम जोडले असे नाही. आमच्या सात स्वरांची नावे हीच मुळी अक्षरे आहेत, आणि म्हणून आमच्याकडे अक्षरांतून स्वर काढणे हा जुना खेळ आहे. हा लेख त्याच खेळाच्या एका अगदी नव्या शाखेविषयी आहे. मनुष्याच्या रक्तात लिहिलेली जी अक्षरे शास्त्रज्ञांनी गेल्या सत्तर वर्षांत वाचली, त्यांना स्वर देऊन संगीत रचण्याची आणि कधी कधी ते एखाद्या आजारी बालकाच्या नावे अर्पण करण्याची रीत आता पाश्चात्य देशांत पडली आहे. तिचे मूळ आणि तिचे मोल आम्ही येथे तपासू इच्छितो.

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघणाच्या कारकीर्दीत, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे. तो स्वतः हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि वैद्यकही जाणत होता. हिशेबनीस, वैद्य आणि संगीतज्ञ हे तीन पेशे एका माणसात एकवटल्यामुळे ग्रंथात दोन गोष्टी आल्या, त्या आजच्या विषयाला फार जवळच्या आहेत. पहिली अशी, की स्वरगताध्यायात नाद, श्रुती आणि स्वर यांच्याकडे वळण्याआधी शार्ङ्गदेव पिंडोत्पत्ती सांगतो. गर्भ कसा राहतो, महिन्यामहिन्याने कसा वाढतो, देहात काय काय असते, हे सारे संगीताच्या ग्रंथात, आणि तेही आरंभीच! ज्याला नादाविषयी बोलावयाचे त्याने आधी नाद उमटवणाऱ्या देहाविषयी बोलावे, अशी ही शिस्त आहे. अलीकडच्या वाचकाला हे प्रकरण अस्थानी वाटते आणि तो ते ओलांडून पुढे जातो. आम्हांस ते मुळीच अस्थानी वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्रस्ताराची. सात स्वर एकेकदाच घेऊन त्यांचे क्रम बदलीत गेले, तर ५०४० कूटतान होतात. शार्ङ्गदेव ही संख्या सांगून थांबत नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, ही दोन्ही उत्तरे सारी यादी न मांडता काढता यावीत म्हणून तो खंडमेरू नावाचा कोठा देतो. म्हणजे आकड्यावरून स्वर आणि स्वरांवरून आकडा. संकेतातून संगीत काढण्याचे गणित आमच्या दख्खनच्या भूमीवर सातशे वर्षांपूर्वी असे पुरे झाले होते. या ५०४० तानांपैकी गाण्याजोग्या किती, हे मात्र खंडमेरू सांगत नाही. ते गवयाने ठरवावयाचे.

नावातून स्वर काढून एखाद्याचा गौरव करण्याची चाल युरोपातही जुनी आहे. गोमंतकीय वाचकांना हे चटकन उमजेल, कारण गोव्याच्या चर्चशाळांतून सोल्फा घोकून मुलांच्या पिढ्यान्पिढ्या तयार झाल्या आणि त्यांतलेच कित्येक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्वरलिपी वाचून वाद्यवृंद वाजवू लागले. जोस्कँ द प्रे या संगीतकाराने फेर्राराच्या हर्क्युलिस ड्यूकसाठी एक मिस्सा रचला. त्याने ड्यूकच्या लॅटिन नावातील आणि बिरुदातील स्वरवर्ण घेतले आणि ज्या सोल्फा अक्षरांत ते वर्ण येतात ती अक्षरे ओळीने मांडली : रे, उत, रे, उत, रे, फा, मी, रे. सारी रचना या धाग्याभोवती विणली. जर्मन पद्धतीत बाख या आडनावाची चार अक्षरे हे चार स्वरच आहेत, आणि खुद्द बाखने ते आपल्या शेवटच्या फ्यूगात गुंफले. आमच्याकडील उदाहरण अधिक हृद्य आहे. १९४८ साली गांधीजींची हत्या झाल्यावर रविशंकरांनी त्यांच्या आडनावातून ग, नि, ध हे तीन स्वर उचलले आणि मालकंसाच्या अंगाने मोहनकंस हा राग उभा केला.

येथे थोडे थांबले पाहिजे. मोहनकंस ऐकणाऱ्याच्या मनात जे दाटून येते, ते ग, नि, ध या तीन अक्षरांनी आणलेले नव्हे. मालकंसाचे शेकडो वर्षांचे गांभीर्य त्यामागे उभे आहे. अक्षरांनी केवळ दार दाखवले. मग ती अक्षरे निरर्थक म्हणावयाची काय? तसेही नाही. शोक करणाऱ्याला कोठून तरी आरंभ करावा लागतो, आणि गेलेल्या माणसाच्या नावातून आरंभ केला याचे त्याला समाधान असते.

आता रक्तातल्या अक्षरांकडे येऊ. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी मळसूत्री घडण मांडली. त्या लांबच लांब धाग्यावर चारच रसायने पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांस ए, सी, जी, टी म्हणतात. ही अक्षरे तीन तीन मिळून वाचावयाची असतात. चार अक्षरांचे तीन-अक्षरी शब्द ६४ होतात. त्यांतील ६१ शब्द वीस अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि उरलेले तीन ‘येथे थांबा’ एवढेच सांगतात. हा कोश १९६१ पासून उलगडत गेला आणि त्याबद्दल १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग, हॉली आणि आपले हरगोविंद खुराणा यांना मिळाले. मनुष्याच्या एका पूर्ण संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. सेकंदाला चार या गतीने ती पेटीवर वाजवू लागलो, तर अहोरात्र वाजवून सुमारे चोवीस वर्षे लागतील.

ज्यांनी हा उद्योग प्रथम गांभीर्याने केला, त्यांत सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत त्यांचे आयुष्य गेले. सजीवांत नवी जनुके जुन्या जनुकांच्या दुहेरी प्रतीतून निपजतात, हा त्यांचा १९७० सालचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पत्नी मिदोरी या संगीत जाणणाऱ्या. उभयतांनी १९८६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा की जनुकांची घडण आणि संगीताची घडण या दोहोंच्या बुडाशी पुनरावृत्तीचे एकच तत्त्व आहे. लहानसा तुकडा पुन्हा येतो, थोडा बदलून येतो, आणि त्यातून मोठी रचना होते. ख्यालात मुखडा पुन्हा पुन्हा समेवर आणणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. मात्र ओनोंनी जनुकांतून जी रचना केली तिच्यातील लय, स्वरांचे दीर्घत्व, कोणता स्वर खालचा घ्यावा आणि कोणता वरचा, ही निवड त्यांची स्वतःची होती. जनुकाला ताल ठाऊक नसतो.

पुनरावृत्तीचे दुसरे तोंडही आहे. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ताकाहाशी आणि मिलर यांनी प्रथिनांतील अमिनो आम्लांना स्वरगुच्छ देण्याची पद्धत बसविली. त्यांनी घेतलेल्या प्रथिनांपैकी एक हंटिंग्टनच्या विकाराशी संबंध असलेले होते. या विकारात सी-ए-जी हा एकच शब्द जनुकात चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा येतो. साहजिकच संगीतात तोच स्वरगुच्छ अडकलेल्या तबकडीसारखा वाजत राहतो. येथे रोग कानाला खरोखर ऐकू येतो. २०१० साली इंग्लंडात मायकेल झेव गॉर्डन यांनी चाळीस गायकांसाठी एक रचना केली, तिला आधार होता त्या गायकांच्याच जनुकांतील भेदांचा. आयर्लंडच्या डिअड्रा ग्रिबिन या संगीतकार बाईंनी आपल्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे यातून प्रेरणा घेऊन जनुकांवर तंतुवाद्यांची एक रचना केली. डाउन सिंड्रोम हा रोग नव्हे, एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असल्याने येणारी ती अवस्था आहे. आई आपल्या मुलाकडे पाहून रचना करते तेव्हा तिला कोणत्याही शास्त्राचे प्रमाणपत्र लागत नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो.

आमच्या भागात जो विकार या संदर्भात डोळ्यांसमोर येतो तो सिकलसेल. विदर्भात, नंदुरबारकडे आणि मध्यप्रदेशाच्या पूर्व व दक्षिण जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी वस्तीत, तो फार आहे. शिकागोत हेरिकने १९१० साली विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली पॉलिंगने हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच विकार असल्याचे दाखविले. १९५६ साली इन्ग्रामने नेमका दोष हुडकला. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीत आढळला. शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंतची मुदत ठरविली आहे. प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडून काढावी अशा वेदना उठतात. हे मुलांच्या वाट्याला येते.

दोष किती मोठा? एका अक्षराचा. बीटा ग्लोबिनच्या जनुकात, मधले गाळले जाणारे तुकडे सोडून, वाचली जाणारी अक्षरे ४४४ आहेत. आरंभाचा शब्द सोडून सहाव्या शब्दात जी-ए-जी च्या जागी जी-टी-जी येते. त्याने ग्लुटामिक आम्लाच्या ठिकाणी व्हॅलिन बसते. असे दोन्ही प्रतींत झाले तर मूल आजारी, एकाच प्रतीत झाले तर केवळ वाहक. आणि वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षणही मिळते.

माधवगंजात आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे, मूळचे विदर्भातले. त्यांच्या मुलीला हा विकार आहे. मुलीच्या वडिलांनी या जनुकसंगीताविषयी कोठे ऐकले होते. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, “काका, तुम्ही मंडळी पेटी वाजवता. हिच्या रक्तातले गाणे काढून द्याल काय?” मुलीची आई बाजूलाच होती. ती म्हणाली, “गाणे करा, पण तिच्या दुखण्याचे करू नका.” या दोन वाक्यांत साऱ्या प्रश्नाची मेख आहे, आणि पाश्चात्य देशांतील रचनांविषयी आमच्या मनात जी शंका होती ती या माउलीने एका वाक्यात बोलून दाखविली.

शंका अशी. अमुक बालकाच्या जनुकाचे संगीत म्हणजे त्या बालकाचेच संगीत, असे ऐकणाऱ्यास वाटते. पण माणसामाणसांची अक्षरे हजारात नऊशे नव्याण्णवांच्या आसपास एकच असतात. बीटा ग्लोबिनची ४४४ अक्षरे या मुलीची, आमची आणि वाचकांची बहुधा सारखीच. निराळे आहे ते फक्त विसावे अक्षर. म्हणजे मुलीचे ‘स्वतःचे’ म्हणून जे उरते तो तिचा रोगच. तेवढ्यावर बोट ठेवून तिचा गौरव कसा करावा? शिवाय ते अक्षरही तिच्या एकटीचे नाही, आईबापांकडून आलेले आहे. भावंडांतही ते असू शकते. एखाद्याच्या रक्ताचा कागद सभेत वाचून दाखवणे म्हणजे साऱ्या घराचा कागद वाचणे होय, आणि लहान मुलाची संमती तर कोणीच विचारलेली नसते. म्हणून आम्ही मुलीचा कोणताही तपासणी-अहवाल पाहिला नाही. तसे करण्याची गरजही नव्हती. जनुकाची अक्षरे पाठ्यपुस्तकांत छापलेली आहेत आणि रोगाच्या नावातच ते एक अक्षर आले आहे.

मग पेटी काढून बसलो. ए ला सा, सी ला रे, जी ला ग आणि टी ला प दिला. भूपातला धैवत तेवढा गाळला. आरंभीचे शब्द असे निघाले : साऽ नव्हे, मोकळा ‘सा प ग’, मग ‘ग प ग’, ‘रे सा प’, ‘रे प ग’, ‘सा रे प’, ‘रे रे प’, आणि मग दोनदा ‘ग सा ग, ग सा ग’. हे निरोगी जनुक. आमच्या मुलीच्या जनुकात ‘रे रे प’ नंतर ‘ग प ग, ग सा ग’ येते. बस्स, एवढाच फरक! दोन्ही लागोपाठ वाजवून दाखवले तेव्हा बसलेल्यांपैकी कोणालाही कोणते आजारी ते ओळखता आले नाही. कसे यावे? ‘ग प ग’ हा तुकडा निरोगी जनुकातही दुसऱ्याच शब्दाला येऊन गेलेला असतो. व्हॅलिन हे काही विष नव्हे, आरंभाचा शब्द सोडला तर निरोगी साखळीतले पहिलेच अमिनो आम्ल ते आहे. दोष स्वरात नाही, जागेत आहे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच असून राग दोन का होतात, हे ज्याला कळते त्याला हे समजावयास रसायनशास्त्र लागू नये.

तालाचा प्रश्न आला तेव्हा आमच्यातील तबलजींनी सवयीने तीनताल धरला. ४४४ मात्रा तीनतालात बसत नाहीत. सत्तावीस आवर्तने होऊन बारा मात्रा उरतात आणि रचना खालीचा विभाग संपताच लटकत राहते. झपतालात चार मात्रा उरतात. मग लक्षात आले की शब्द तीन तीन अक्षरांचे आहेत, तेव्हा दादरा घ्यावा. दादऱ्याच्या सहा मात्रांत दोन शब्द नेमके बसतात आणि ४४४ मात्रांची बरोबर चौऱ्याहत्तर आवर्तने होतात, एक मात्रा कमी नाही की अधिक नाही. आमच्या घरोघरच्या कित्येक अंगाई याच झुलत्या चालीच्या आहेत, हे काही जनुकाने योजले नव्हते. तरी खोलीत बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे दिसले ते आम्ही नाकारू शकत नाही. ते विसावे अक्षर चौथ्या आवर्तनाच्या दुसऱ्या मात्रेवर येते.

आईचे वाक्य लक्षात ठेवून कोणी सुचविले की त्या मात्रेवर पंचमाऐवजी षड्ज घ्यावा, म्हणजे गाणे निरोगी होईल. आमच्या मते ते योग्य नव्हते. तसे केले तर ते गाणे दुसऱ्या कोणा मुलीचे होईल. जे अक्षर तिच्यात आहे ते राहू द्यावे, पण त्यावर जोर देऊ नये, ठेका थांबवू नये, श्रोत्यांना ‘हे पाहा’ म्हणून खूण करू नये. ते चारशे त्रेचाळीस भावंडांत बसलेले एक आहे. आई यावर काही बोलली नाही. मुलगी मात्र बोलली. तिला सरगम येत होती, कारण आमच्या येथे शाळकरी मुलांना ती येतेच. तिने पाटीवर सारे अक्षर-स्वर उतरवून घेतले आणि म्हणू लागली.

येथे आम्हांस विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण होते. कुरुंदवाडचा हा मुलगा लहानपणी शोभेच्या दारूने भाजला आणि त्याची दृष्टी अधू झाली. मिरजेस त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपविण्यात आले. बाळकृष्णबुवांनी विद्या घेतली होती ती याच ग्वाल्हेरात, वासुदेवबुवा जोशांकडे. त्या मुलाच्या दुखण्यावर कोणी रचना केली नाही, त्याला गाणे दिले. भातखंड्यांच्या आयुष्यातही १९०० साली पत्नी आणि १९०३ साली मुलगी गेली, आणि त्यानंतर वकिली सोडून ते पूर्णपणे संगीताला लागले. मुलीच्या स्मृतीसाठी त्यांनी लिपी रचली असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण ज्या लिपीत आमच्या माधवगंजातील मुलीने पाटीवर आपले जनुक लिहून घेतले, ती त्यांचीच होय. मुलाच्या नावे संगीत करणे आणि मुलाच्या हाती संगीत देणे यांत आम्हांस दुसरे अधिक मोलाचे वाटते. पहिले करूच नये असे नाही, परंतु श्रोत्यांचे डोळे पाणावले एवढ्यावर ते सफल झाले असे मानू नये.

संपूर्ण म्हणावयास मध्यलयीत फार वेळ लागत नाही. मुलगी मधल्या ठिकाणी दोनदा श्वासासाठी थांबली आणि ठेका तिच्यासाठी थांबला. शेवटून दुसरा शब्द सी-ए-सी, म्हणजे ‘रे सा रे’. त्यानंतर टी-ए-ए, तो कोणत्याही अमिनो आम्लाचे नाव नाही, ‘येथे थांबा’ सांगणाऱ्या तिघांपैकी एक आहे. ए ला षड्ज आम्हीच दिला होता, तेव्हा यात नवल करण्यासारखे काही नाही. पण चौऱ्याहत्तराव्या आवर्तनाच्या शेवटी स्वर येतात ते ‘प सा सा’.